इस्त्रीचं पाणी

खडा सापडला तेव्हा अख्ख्या घरात एकाच माणसाला आनंद झाला, आणि खडा नेमका तिच्याच पोटात होता. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. मुतखडा निघाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारी बाई कुणी पाहिली आहे?

तिला सगळे मास्टर म्हणत. शिवणकामाच्या कारखान्यात जो कापड कापतो तो मास्टर. बाकीचे शिवतात, काजं करतात, बटणं लावतात. इथे कापणारी बाई होती, पण म्हणून शब्द बदलायची तसदी कुणी घेतली नाही. केस पिकेपर्यंत तिनं हेच काम केलं होतं, आणि नव्यानं कामाला लागणाऱ्याला पहिल्या दिवशी ती एकच गोष्ट ऐकवायची: चुकलेली शिवण उसवता येते, चुकलेला काप उसवता येत नाही. कात्री लावण्याआधी ती टेबलाभोवती इतक्या फेऱ्या घालायची की मशीनवरच्या बायका आपसात म्हणत, मास्टर कापडाला विचारतायत, फार दुखणार नाही ना रे बाबा.

तिचा धाकटा भाऊ किल्ल्या बनवायचा. बाजारपेठेत जिन्याखाली त्याचं टीचभर दुकान होतं आणि कुठलंही कुलूप न तोडता उघडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तीही चोरपावलांनी, कुणाला पत्ता लागू न देता. आता आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या मशीनला हात जोडून बसायचा. हा त्याचाच विनोद होता, कारण हात खरोखरच नळ्यांनी मशीनला जोडलेला असायचा. डॉक्टरांनी सांगितलं, मशीनवर किती वर्षं काढणार, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बघा. त्याच्या बायकोला द्यायची होती, पण तिला साखरेचा आजार निघाला. राहिली थोरली बहीण. तिचं सगळं जुळलं. मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि चहा घेणार का विचारल्यावर माणूस जसं म्हणतो तसं ती हो म्हणून गेली.

हो म्हणाल्यावर मात्र तिला भीतीनं धरलं, ते काही सोडलं नाही. मरणाची तिला फार भीती होती असं नाही. भीती होती ती कापाची. धडधाकट शरीर, कुठे उसवलेलं नाही, विटलेलं नाही, आणि त्याला आपण होऊन कात्री लावायची, हे तिच्या सगळ्या धंद्याच्या विरुद्ध होतं. पण बोलायची सोय उरली नव्हती. तोवर सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. भावजय ती आली की उठून उभी राहायला लागली. कारखान्यात बायका म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. नवऱ्यानं तर दारावर आलेल्या पेपरवाल्यालाही सांगून टाकलं. एवढ्या कौतुकानंतर नाही म्हणायचं म्हणजे भर रस्त्यात अंगावरचं लुगडं फेडण्यासारखं होतं.

अशात तपासणीच्या फोटोत खडा दिसला. डाव्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढा. किडनी बसवणारे मोठे डॉक्टर म्हणाले की खडा असताना ऑपरेशन करता येणार नाही. पुढे ते असंही म्हणाले की खडा लहान आहे, भरपूर पाणी प्या, आपोआप पडून जाईल, महिन्याभरानं परत बघू, नाहीच पडला तर दुर्बिणीतून काढून टाकू. पण मास्टरनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि तेच घट्ट धरून ती घरी आली.

मग सगळे हात धुऊन तिच्या मागे लागले. नवऱ्यानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोठा जग आणून ठेवला आणि संध्याकाळी घरी आला की आधी तो उचलून बघायला लागला. भावजय दुपारी फोन करून विचारायची, ताई, प्यायलात ना? मशीनवरच्या बायकांनी तिच्या टेबलाशी भरलेला तांब्या ठेवायची पाळी लावून घेतली. या सगळ्यांनी देव पाण्यात घातले होते, आणि पाणी प्यायची जबाबदारी होती हिच्यावर.

पहिल्या दिवशी जे झालं ते खरोखर सहज झालं. कारखान्यात वाफेची मोठी इस्त्री होती. तिच्या टाकीतलं पाणी संपलं की लाल दिवा लागायचा. दिवा लागला तेव्हा मास्टरच्या हातात भरलेला ग्लास होता, नळ लांब होता, तिनं ग्लास टाकीत ओतला. इस्त्री फुसफुसली. दिवा विझला. दुसऱ्या दिवशी दिवा लागायची वाट तिनं बघितली नाही. वाईट सवयी अशाच सोयीच्या बोटाला धरून घरात येतात. पुढे कारखान्यात इस्त्री आणि घरी मोरी असं तिनं वाटून टाकलं. कोरड पडली की ती घोटभर प्यायची, तहान भागेल इतकंच. आपण भावाला नाही म्हणतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. ती स्वतःला एवढंच सांगायची की खडा पडला की देणारच आहे, आणि खडा पडायची इतकी काय घाई आहे. त्या दिवसांत इस्त्रीला वाफ कधी कमी पडली नाही, आणि गिऱ्हाइकांच्या पँटींच्या घड्या अशा बसल्या की पुन्हा तशा बसल्या नाहीत.

एका दुपारी धाकटा मशीनवरून सुटला आणि घरी जाताना कारखान्यात डोकावला. डायलिसिसच्या दिवशी तो पिळून काढलेल्या फडक्यासारखा दिसायचा. ट्रायलच्या आरशासमोरच्या स्टुलावर तो बसला, पिशवीतून त्याची बाटली काढली आणि मांडीवर ठेवली. ही बाटली घरच्यांना पाठ झाली होती. त्याच्या शरीरातून पाणी बाहेर पडायची वाटच बंद झाली होती. जे प्यायचं ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साचायचं, पाय सुजायचे, छातीत दाटायचं. म्हणून सकाळी बाटली भरायची आणि रात्रीपर्यंत तीच पुरवायची, चहासुद्धा त्यातच मोजायचा. तो घोट घ्यायचा, तोंडात या गालातून त्या गालात फिरवायचा आणि मग जड मनानं गिळायचा.

त्यानं टेबलावरचा तांब्या पाहिला आणि तिला म्हणाला की तू पी, माझ्यासाठी थांबू नकोस. ती म्हणाली, तुझ्यासमोर कसं पिऊ. त्यावर तो म्हणाला की उलट कुणी गटागटा पाणी पिताना बघितलं की त्याला बरं वाटतं, बाकीचे टीव्हीवर क्रिकेट बघतात तसं. मास्टरनं ग्लास भरला. तेवढ्यात बाटलीचं झाकण लावायला तो आरशाकडे वळला. तिचा हात आपसूक गेला. पाणी टाकीत पडलं, इस्त्री फुसफुसली, आणि रिकामा ग्लास तिनं टेबलावर जरा आवाज करूनच ठेवला.

तो वळला. बाटली पिशवीत घातली, मशीनवरच्या बायकांची थोडी थट्टा केली आणि उठला. जाताना दारात थांबून त्यानं विचारलं की कारखान्यात फार उकडतं का. ती म्हणाली, वाफेचं काम आहे, उकडणारच.

व्हायचं ते झालंच. सकाळची वेळ होती, टेबलावर कुणाच्या तरी कोटाचं महागडं कापड पसरलं होतं, खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या, आणि कात्री कापडात शिरलेली असताना डाव्या कुशीत कुणीतरी सळई खुपसून फिरवावी तशी कळ आली. कळ पाठीतून निघून जांघेत उतरली. मास्टरच्या हातातली कात्री वाकडी गेली आणि कोटाच्या पुढच्या पल्ल्याचे दोन तुकडे झाले. ती खाली बसली, मग आडवी झाली, मग कुठल्याच बाजूला पडवेना. मशीनवरच्या बायका नंतर सांगायच्या की मास्टर कळवळत होत्या ते पोटासाठी की कापडासाठी, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मसुराचा दाणा तोवर वाढला होता आणि जागा सोडून मूत्रनळीत येऊन अडकला होता. दवाखान्यात इंजेक्शननं कळ थांबली. तिला बघायला आल्या त्या खड्यांच्या डॉक्टरीणबाई, वयानं लहान, तोंडानं मोकळ्या. पलंगाशी नवरा होता आणि धाकटाही आला होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं: लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण आत जाणार, बाहेर कुठे काप नाही, टाका नाही, लेझरनं खडा फोडायचा, तुकडे जाळीत धरून बाहेर काढायचे, आत एक मऊ नळी ठेवायची म्हणजे सूज असेपर्यंत वाट बंद होणार नाही. एक-दोन दिवसांत घरी. धाकटा पुढे वाकून चित्र बघत होता. कुलूप न तोडता उघडायचं म्हणा की, तो म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी ते पुढच्या पेशंटला सांगायचं ठरवून टाकलं.

मास्टरनं एकच प्रश्न विचारला. किडनी आता कामातून गेली का?

"छे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी ठणठणीत आहे. खडा काढू, नळी काढू, लघवीच्या आणि रक्ताच्या एकदोन तपासण्या करू. त्या नीट आल्या की भावाला द्यायला तुम्ही मोकळ्या."

त्यांना वाटलं आपण आनंदाची बातमी दिली. नवऱ्यालाही तसंच वाटलं. मास्टरला वाटलं की आता पळायला जागा नाही, आणि हे इतक्या स्वच्छ शब्दांत वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

मग डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, पाणी किती पीत होतात? नवऱ्यानं परस्पर उत्तर दिलं की जगच्या जग रिकामे होत होते, तो स्वतः रोज बघत होता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रिपोर्टकडे बघितलं. म्हणाल्या, लघवी इतकी घट्ट आहे की हे मला पटत नाही, कुठेतरी पाणी मुरतंय. नवऱ्याला राग आला. त्याच्या जगवर कुणी संशय घ्यावा हे त्याला सहन होईना. मास्टर चादरीची किनार बोटांनी चाचपत राहिली.

"इस्त्रीमुळे असेल, डॉक्टर," धाकटा म्हणाला. "तिच्या टेबलाशी वाफेची इस्त्री असते. सगळं पाणी त्यातच जातं. म्हणजे घामावाटे."

डॉक्टरीणबाईंना हे पटलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, गरम जागी काम. धाकट्यानं बहिणीकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. आरसा कुठे होता आणि स्टूल कुठे होतं हे मास्टरला त्या क्षणी टेप लावून मोजल्यासारखं कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनच्या खोलीत नेलं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. पाय आहेत की नाहीत हे कळेना, पण डोकं जागं होतं. बघायचंय का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. मास्टरनं आयुष्यभर दुसऱ्याचं काम बघूनच माणूस जोखला होता, त्यामुळे ती बघत राहिली. आधी एक बारीक तार आत गेली, वाट चुकू नये म्हणून. तिच्या कडेनं दुर्बीण. पडद्यावर गुलाबी, ओला बोगदा दिसायला लागला. आत पाणी सतत सोडलेलं होतं, त्याशिवाय काही दिसत नाही म्हणे. कुठे ओढाताण नाही, घाई नाही. हात चांगला आहे, असं मास्टरनं मनात ठरवलं.

मग खडा दिसला. काळपट पिवळा, काटेरी, वाट अडवून बसलेला. तिला वाटलं होतं तो गुळगुळीत असेल. लेझरची टिकटिक सुरू झाली, खड्याचा भुगा उडाला, त्याचे तुकडे झाले, आणि बारीक जाळीनं एकेक तुकडा चिमटीत धरल्यासारखा बाहेर आला. एवढ्याशा ऐवजाला तिनं इतके दिवस जपलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता बारीक, लवचीक दुर्बीण घालून वर डोकावून घेते, किडनीत आणखी काही राहिलं नाही ना ते बघते. पडद्यावर एकातून एक उघडणाऱ्या खोल्या आल्या, स्वच्छ, ओलसर, आणि प्रत्येकीच्या टोकाशी एक गुलाबी बोंड. कुठे चरा नाही, डाग नाही. हीच द्यायची ना, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मस्त आहे. मास्टरची नजर पडद्यावरून हलेना. इतके दिवस तिनं फक्त कापाचा विचार केला होता. जे कापून द्यायचं ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. ते तिथे आपलं काम करत होतं. मालकीण घाबरट आहे की शूर, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी वॉर्डात भेटायच्या वेळेला धाकटा आला. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. पायांत जीव परतला होता आणि आतली नळी टोचत होती. डॉक्टरीणबाईंनी खड्याचे तुकडे बाटलीत घालून आणले होते. एक तुकडा तपासायला गेला, बाकीचे ठेवायचे का विचारल्यावर ती नको म्हणाली होती. धाकट्यानं पलंगाशेजारच्या जगमधून ग्लास भरला आणि तिच्या हातात दिला.

"इथे इस्त्री नाहीये, ताई," तो म्हणाला.

तिनं ग्लास धरून ठेवला. सॉरी हा शब्द या दोघांत कधी चालला नव्हता.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलणार? किडनी तुझी. नको वाटलं तर नाही म्हण, माझ्या तोंडावर म्हण. तुझा नकार मला चालेल गं. खड्याचा कशाला?" त्याच्या बाटलीच्या झाकणाशी त्याची बोटं चाळा करत होती. "मशीनवर जितकं होईल तितकं जगेन मी. पण पाणी असं ओतून नको देऊस. ते मला बघवलं नाही."

मास्टरला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. रडताना नळी जास्त टोचली. मग तिनं सांगितलं, पहिल्यांदा, मोठ्यानं, शेजारच्या पलंगावरच्या बाईला ऐकू जाईल इतकं.

"मला कापून घ्यायची भीती वाटते रे. फार वाटते."

"मग तसं सांगायचं."

"सांगतेय ना आता."

त्यानं बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाला की बरं, मोठ्या डॉक्टरांना मी सांगतो, माझंच मन नाही म्हणून. तुझं नाव कुठे येणार नाही. हे तो मनापासून बोलत होता, आणि त्याचा चेहरा असा निवांत झाला होता की तिच्या लक्षात आलं, किडनीपेक्षाही तो या उत्तराचीच जास्त वाट बघत होता. एकदाचं कुणीतरी त्याच्याशी खरं बोललं होतं.

मास्टरनं ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामा करूनच. त्यानं बघितलं, क्रिकेट बघतात तसं.

"अजून एक भर," ती म्हणाली. "आणि मोठ्या डॉक्टरांना काही सांगायला जाऊ नकोस. नळी काढतील त्या दिवशी आपण दोघं जाऊ त्यांच्याकडे. भीती काही जाणार नाही एवढ्यात. ती बरोबर घेऊन येते."

तो ग्लास भरायचा थांबला. "लाजेनं हो म्हणतेस का?"

"लाज तर आहेच," ती म्हणाली. "पण आज मी ती किडनी आतून बघितली. चांगला माल आहे. दोन ठेवून मी करणार काय?"

तिनं दुसरा ग्लास संपवला, मग तिसरा. मग तिला उठावं लागलं. लघवी मोजायला नर्सनं रेघा मारलेलं प्लॅस्टिकचं भांडं दिलं होतं. ते घेऊन, भिंत धरत, ती संडासात गेली. आग आग झाली. तिनं डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो बाहेर स्पष्ट ऐकू आला. परत आली ती भांडं दोन्ही हातांनी सांभाळत. आत फिकट लालसर, रेघांवर बरंच वर चढलेलं.

धाकटा त्या भांड्याकडे बघतच राहिला. त्याला स्वतःला असं काही होऊन वर्ष उलटलं होतं. दुसऱ्याच्या शेतातलं भरघोस पीक बघावं तसा त्याचा चेहरा झाला.

"एवढं?" तो म्हणाला.

मास्टरनं भांडं त्याच्यासमोरच्या टेबलावर ठेवलं, नेम धरून, जराही न सांडता.

"यातलं अर्धं तुझं," ती म्हणाली.